कपाट करण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

महाविद्यालयाच्या वार्षिकात कपाटावर लेख पाहून काहींना हसू येईल. कविता, सहलीची वर्णने, एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र ही ह्या अंकाची ठरलेली पंगत. तीत सुताराचे पान कोणी मांडले, असेही कोणी विचारील. पण विचार करून पाहा. एकदा भिंतीला लागलेले कपाट वीस-पंचवीस वर्षे जागचे हलत नाही. घरातली सारी माणसे दिवसातून दहा वेळा त्याच्यासमोर उभी राहतात. आणि एवढी मोठी वस्तू करायला घेताना आपण विचार किती करतो? बहुतेक ठिकाणी प्रश्न दोनच असतात : सनमायका कोणत्या रंगाचा, आणि दाराला आरसा लावायचा की नाही.

माझे वडील चिपळुणात सुतारकाम करतात. आठवीपासून सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाऊन मापे वहीत उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे आहे. ह्या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय तो त्या वहीपुरता. पण त्या वहीमुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती अशी की आपल्या घरांतली बरीच कपाटे ती वापरणाऱ्या माणसांच्या मापाने होतच नाहीत. ती होतात हँगरच्या मापाने. हे कसे, ते सांगण्यासाठी हा लेख.

निजायची वेगळी खोली आणि तिच्यात कपाट, ही जोडी आपल्याकडे फार जुनी नाही. जुन्या घरांतून माजघर, ओटी, पडवी, जिथे अंथरूण पडेल तिथे माणूस निजे. सकाळी वळकटी बांधून कोपऱ्यात उभी केली की तीच जागा दिवसाच्या कामाला मोकळी. रोजच्या कपड्यांना वलणी आणि खुंटी, ठेवणीतल्या वस्त्रांना पेटारा किंवा पत्र्याची ट्रंक, आणि बाकी सटरफटर सामानाला भिंतीतले कोनाडे आणि फडताळ. फडताळ म्हणजे भिंतीच्या जाडीतच बसवलेले कपाट. दगडामातीची भिंत दीड-दोन फूट जाड असे, म्हणून ते जमे. खोलीतली बोटभरही जागा न खाता सामान आत जाई आणि वर दोन फळ्यांचे दार लागे. आज आतली भिंत साडेचार इंचांची. तिच्यात फडताळ सोडाच, देवाची देवळीही नीट बसत नाही. भिंत बारीक झाली, आणि कपाट तिच्यातून उतरून खोलीत येऊन उभे राहिले.

दुसरी गोष्ट वस्त्रांची. लुगडे, धोतर, उपरणे, पंचा ही सारी न शिवलेली वस्त्रे. त्यांना खांदा नाही, कॉलर नाही, पायाची क्रीज नाही. चौकोनी घडी घातली की एकावर एक रचून ठेवता येतात. चार माणसांचे ठेवणीतले कपडे एका ट्रंकेत मावतात. बंडी, बाराबंदी शिवलेली असे, पण तिला एक खुंटी पुरे. टांगण्याची गरज निर्माण केली ती कोटाने आणि इस्त्रीच्या शर्ट-पँटने. म्हणजे आपले कपाट मुळात घडीचे, आणि साहेबाचे कपाट मुळात टांगण्याचे. आज आपण जे करून घेतो त्यात ह्या दोघांची बेमालूम सरमिसळ झाली आहे, आणि गैरसोय तिथेच सुरू होते.

मधल्या काळात पोलादी कपाट आले. कुलपांच्या कारखान्याने १८९७ साली सुरू झालेल्या गोदरेजने १९२३ साली ते बाजारात आणले, आणि पुढे ते आपल्याकडे इतके रुजले की कोपऱ्यावरच्या कारागिराने ठोकलेल्या पत्र्याच्या कपाटालाही लोक 'गोदरेजचं कपाट' म्हणू लागले. मुलीच्या लग्नात ते आंदण देत. ह्या लोखंडी कपाटाकडे मी परवा मुद्दाम फूटपट्टी घेऊन गेले. उंची साधारण साडेसहा फूट, रुंदी तीन फूट, आणि खोली दीड फुटाच्या जेमतेम वर. घडीच्या कपड्यांना हे माप अगदी बरोबर आहे. हात आत घातला की शेवटच्या घडीपर्यंत पोचतो. ज्या आया-आज्यांनी चाळीस वर्षे तेच एक कपाट वापरले, त्या त्याला नावे का ठेवत नाहीत ह्याचे कारण मला त्या फूटपट्टीत सापडले.

आता प्लायच्या कपाटाकडे येऊ. आमच्या भाषेत 'खोली' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि कपाटाच्या बाबतीत त्या दोघांचे जन्माचे भांडण आहे : कपाटाची खोली वाढली की माणसाची खोली कमी होते. घोटाळा नको म्हणून ह्यापुढे कपाटाच्या खोलीला मी खोलपणा म्हणेन. तर प्लायच्या कपाटाचा खोलपणा सगळीकडे दोन फूट. कोणालाही विचारा, 'दोन फूट असतोच' असे उत्तर मिळते. का असतो? कारणे दोन. हँगरची रुंदी सतरा-अठरा इंच. त्यावर शर्टाच्या बाह्या थोड्या बाहेर येतात. दार लागल्यावर कपडा चुरगळू नये म्हणून आत बावीस इंच तरी मोकळे हवेत. दार आणि पाठीची फळी धरून झाले दोन फूट. दुसरे कारण प्लायच्या तक्त्यात आहे. तक्ता आठ फूट बाय चार फूट मिळतो. तो लांबीत मधोमध कापला की दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या पडतात आणि काही वाया जात नाही. (करवतीच्या पात्याची जाडी जाते, म्हणून नेमके बोलायचे तर दोन फुटांना सूतभर कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराच्या तोंडी मिलिमीटरपेक्षा तेच जास्त येते.)

म्हणजे दोन फूट हे माप हँगरच्या आणि तक्त्याच्या सोयीचे. पण घडी घातलेली सहावारी साडी असते साधारण बारा इंच बाय चौदा इंच. घडीचा शर्ट त्याहून लहान. ह्या वस्तू दोन फूट खोल फळीवर ठेवल्या की काय होते, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. पुढे एक रास लागते आणि तिच्यामागे सात-आठ इंचांचा एक अंधार उरतो. त्या अंधारात आधी एखादा रुमाल पडतो, मग मुलाचा स्वेटर, मग एखादी अर्धी वापरलेली चादर. वर्षभर ती वस्तू सापडत नाही, दुसरी विकत आणली जाते, आणि दिवाळीच्या साफसफाईत पहिली हाती लागते. ह्याला आपण घरच्या बाईचा अव्यवस्थितपणा म्हणतो. खरे म्हणजे तो फळीचा दोष आहे.

खोलीतली जागा किती जाते तेही मोजून पाहावे. मध्यमवर्गीय सदनिकेत निजायची खोली दहा बाय दहा म्हणजे बरी समजतात. पलंगाची लांबी सव्वासहा फूट, म्हणजे पंचाहत्तर इंच. पलंगाच्या पायथ्याशी, समोरच्या भिंतीला कपाट आहे असे धरा. एकशेवीस इंचांतून पंचाहत्तर गेले, कपाटाचे चोवीस गेले; उरले एकवीस. कपाटाचे दार असते अठरा इंचांचे. ते उघडते खरे, पण उघडल्यावर माणसाने उभे कुठे राहायचे? पलंगावर गुडघे टेकून कपाट उघडणारी घरे मी पाहिली आहेत. आता तेच कपाट सोळा इंच खोल करा. उरतात एकोणतीस इंच. माणूस उभा राहतो, वाकतो, खालचा खण ओढतो. आठ इंचांचा फरक कागदावर काहीच नाही. पण आईच्या पाठीला विचारावा.

सरकत्या दाराचा उपाय हल्ली सुचवला जातो. तो वाईट नाही, पण सरकत्या दाराला दोन रूळ लागतात, म्हणजे खोलपणा आणखी तीन इंचांनी वाढतो. शिवाय कपाट केव्हाही अर्धेच दिसते. दोन बहिणी एकाच वेळी तयार होत असल्या की कोणीतरी दार इकडे ढकलते, कोणीतरी तिकडे. ज्यांची खोली फारच अरुंद आहे त्यांनी ते करावे.

मग करायचे काय? माझ्या मते फूटपट्टीच्या आधी कागद घ्यावा आणि मोजणी करावी. माणसे किती, प्रत्येकाचे टांगायचे कपडे किती, घडीचे किती, आणि कपडे नसलेल्या वस्तू कोणत्या. आमच्या घरी आम्ही पाच माणसे. मोजल्यावर टांगायचे निघाले चौदा, आणि घडीचे सव्वाशेच्या वर. त्यात आजीची लुगडी, आईच्या साड्या, परकर, चादरी, टॉवेल सगळे आले. चौदा हँगरांसाठी सबंध कपाट दोन फूट खोल करणे म्हणजे एका पाहुण्यासाठी मांडवभर पाने मांडण्यासारखे आहे. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्यांच्या घरी आकडे निराळे येतील. तिथे इस्त्रीचे शर्ट आणि कुर्ते जास्त. ज्याची मोजणी त्याने करावी.

टांगायचे कपडे थोडे असले तर दांडीच फिरवता येते. नेहमीची दांडी दाराला समांतर असते, म्हणून हँगर आडवे बसतात आणि खोलपणा मागतात. त्याऐवजी आतून बाहेर ओढायची छोटी दांडी मिळते. तिच्यावर कपड्यांची तोंडे आपल्याकडे येतात. सोळा इंच खोल कपाटात वीस-बावीस इंच रुंदीचा एक कप्पा तिला दिला की आठ-दहा कपडे सुखाने राहतात. उरलेले दाराच्या आतल्या खुंटीवर. आणि ज्यांना दोन फूट खोलपणा हवाच आहे त्यांनी घडीच्या कपड्यांसाठी फळ्या न करता कमरेच्या खाली ओढायचे खण करावेत. खण बाहेर येतो, त्यामुळे मागचा अंधार राहत नाही. खण दोन फळ्यांपेक्षा महाग पडतात, मजुरीही जास्त. तरी सनमायक्याच्या किमती डिझाईनवर जाणारा पैसा मी तिकडे वळवीन.

उंचीची मापे थोडक्यात सांगते, कारण ती कोणताही चांगला सुतार सांगेल. शर्ट-कुर्त्याला चाळीस इंच मोकळे हवेत, दुमडून टाकलेल्या पँटला तीस, लांब झग्याला किंवा शेरवानीला पाच फूट. साडी हँगरवर टाकायची असेल तर साडेतीन फूट. घडीच्या फळ्यांत बारा इंचांचे अंतर. जास्त ठेवले की रास उंच होते आणि कोसळते. पाऊण इंची, म्हणजे सहा सुती प्लायची फळी तीन फुटांच्या पुढे नेऊ नये, पोटात वाकते. पुस्तकांची असेल तर दोन फुटांच्या पुढे नकोच. सहा फूट रुंद, सात फूट उंच असे नेहमीचे कपाट धरले तर उभ्या तीन फळ्यांना दीड तक्ता, वरच्या-खालच्याला एक, दारांना दोन आणि आतल्या फळ्या-खणांना दीड, म्हणजे सहाच्या आसपास तक्ते लागतात. पाठीला पातळ प्लाय निराळा. हा हिशेब घरमालकाला येत असला की ठेकेदाराने दहा तक्ते सांगितल्यावर निदान 'कसे?' एवढे तरी विचारता येते.

साड्यांबद्दल मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे. पैठणी किंवा कोणतीही जड जरीची साडी हँगरवर टांगू नये. स्वतःच्या वजनाने ती ओढली जाते. ती मऊ सुती कापडात, जुन्या मलमलीत गुंडाळून आडवी ठेवावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, कारण पिशवीत दमटपणा कोंडतो. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी. वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेली जर तिथेच तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. आमच्या आजीच्या ट्रंकेत गोळ्या कधीच नव्हत्या. वेखंडाची कांडी आणि सुकवलेला कडुलिंबाचा पाला असे. तिची लग्नातली साडी अजून धड आहे. कपाटात अशा साड्यांसाठी एक रुंद, कमी उंचीचा खण ठेवला की पुरे. मोठे डिझाईन दाखवणाऱ्या पुस्तकांत तो खण क्वचितच असतो, टायसाठी जागा मात्र असते.

आता कोणाचा खण कोणता, हा प्रश्न. माप घेऊन झाल्यावर वडील ज्या घरी जातील तिथे एक प्रश्न ठरवून विचारतात : "वहिनी, तुमचा खण कोणता?" ह्या प्रश्नाला वहिनींनी स्वतः उत्तर दिलेले मी फार थोड्या वेळा ऐकले आहे. बहुतेक ठिकाणी घरधनी हसून म्हणतात, "तिचं काय, कुठंही बसवा." काही घरांत वहिनीच तसे म्हणतात. मग मुलांचे कप्पे ठरतात, साहेबांच्या कागदपत्रांचा आणि लॉकरचा ठरतो, पाहुण्यांच्या गाद्यांना माळा मिळतो, आणि उरलेल्या तीन ठिकाणी मिळून तिच्या साड्या वाटल्या जातात. घरातले प्रत्येक कापड धुऊन, वाळवून, घडी घालून जागेवर ठेवणारे माणूस तेच, आणि कुलूप लावता येईल असा एकही कप्पा तिच्या नावाचा नाही! एका घरी सासूबाईंनी मात्र चटकन सांगितले, "मला हाताशी येईल असा एक खण द्या आणि त्याला निराळी किल्ली." वडिलांनी तो खण पहिल्यांदा आखला, बाकीचे कपाट त्याच्याभोवती. मला वाटते हाच क्रम बरोबर आहे.

'हाताशी' ह्या शब्दाकडे लक्ष द्यावे. वापरणाऱ्याच्या गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतची जागा ही कपाटातली खरी जागा. तिच्या खाली वाकावे लागते, वर स्टूल लागते. आजीचा हात खांद्याच्या वर जात नाही आणि तिला वाकताही येत नाही. म्हणजे तिची जागा अडीच फुटांपासून चार फुटांपर्यंत, एवढीच. पण प्रत्यक्षात त्या मोक्याच्या पट्ट्यात असते लॉकर आणि आरसा. लॉकर वर्षातून चार वेळा उघडतो. त्याला खाली किंवा वर बसवले तर काय बिघडेल?

खाली बसवताना एक सांगायचे आहे, आणि ते चिपळूणच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले ते सखल भागांत पुरुषाच्या डोक्यावरून गेले. २००५ च्या जुलैतही पाणी आले होते. पूर ओसरल्यावर महिनाभर वडिलांबरोबर मी ज्या घरांत गेले, तिथे कपाटांची जी दशा पाहिली ती कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळाली नसती. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाची कपाटे खारीसारखी फुगून पापुद्रे सुटले होते. ती पुन्हा सुधारत नाहीत. साध्या प्लायचे थर सुटले. लोखंडी कपाटांची दारे गंजून बसली आणि पहारीने उघडावी लागली. जुन्या सागवानी पेट्या तेवढ्या धुऊन, सावलीत वाळवून परत वापरात आल्या. पण लाकडापेक्षा वाईट वाटले ते आतल्या गोष्टींचे. सातबाराचे उतारे, शाळा सोडल्याचे दाखले, मुलांच्या गुणपत्रिका, लग्नाचे फोटो. सगळे 'सुरक्षित' म्हणून खालच्या, कुलपाच्या खणात ठेवलेले. नदीकाठच्या गावात कागदपत्रांचा कप्पा सगळ्यात वर हवा, आणि तो उचलून नेता येईल असा सुटा डबा असेल तर अधिक चांगला. माळ्याजवळ, दाराच्या बाजूला. हे एक माप कोणत्याही तयार नकाशात नसते. ते गावाने द्यायचे असते.

पूर रोज येत नाही, पाऊस मात्र दरवर्षी चार महिने असतोच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणून कपाट पावसाची झड खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लावू नये. आतल्या भिंतीला लावावे. नाइलाज असेल तर भिंतीपासून दोन इंच सुटे ठेवावे आणि पाठीच्या फळीला वर-खाली भोके पाडून हवा खेळती करावी. फरशी आपण पाण्याने पुसतो, सणाला धुतोही. तेव्हा तळाची फळी जमिनीपासून चार इंच तरी वर उचललेली हवी, आणि तो उचललेला भाग दगडी किंवा टाइलचा केला तर वाळवीलाही वाट उरत नाही. श्रावणात ऊन पडले की दोन्ही दारे सताड उघडावीत. अर्धवट वाळलेला कपडा आत गेला की बुरशीची सुरुवात त्याच्यापासून होते.

लाकडाबद्दल फार लिहीत नाही. सागवान उत्तम, पण त्याच्या गाभ्याचे. बाहेरच्या पांढऱ्या भागाला वाळवी लागते. प्लाय घेताना शिक्का पाहावा : आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचे मानक, आयएस ७१० हे मरीन प्लायचे. निदान तळाची फळी आणि खालचे खण मरीनचे करावेत, वरचे साध्याचे चालतील. दुकानदार तोंडाने 'मरीनच आहे' म्हणतो. तक्ता उलटा करून शिक्का वाचायला लाजू नये.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी कपाट भिंतीला ठोकून घेऊ नये. तीन-तीन फुटांचे दोन भाग नट-बोल्टने जोडलेले असावेत. घर बदलताना ते सुटतात आणि जिन्यातून वळतात. जिन्याचे वळण आधी मोजावे, हे सांगायला नको. पण सांगते, कारण तिसऱ्या मजल्यावरून दोराने उतरवलेली कपाटे मी पाहिली आहेत.

आता आमच्या घरच्या कपाटाविषयी, कारण ते नसेल तर लेख पुस्तकी वाटेल. सुताराच्या घरी कपाट नसते, ही म्हण नाही, वस्तुस्थिती आहे. २०२१ पर्यंत आमच्याकडे एक दांडी आणि तीन ट्रंका होत्या. पुरानंतर वडिलांनी कामांवरून उरलेले तुकडे जमवून आमचे कपाट केले. सोळा इंच खोल, पाच फूट रुंद. चार दारे, चारांना चार रंगांचे सनमायके : एक अक्रोडी, एक हिरवा, दोन पांढरे पण निरनिराळे पांढरे. आजीचा खण तीन फुटांवर. आईच्या खणाला पितळी कुलूप, किल्ली तिच्या मंगळसूत्राजवळ. मधल्या एका कप्प्याचे दार बाजूला न उघडता खाली उघडते आणि दोन साखळ्यांवर आडवे राहते. जमिनीपासून तीस इंचांवर. ते माझे टेबल आहे. पाच माणसांच्या दोन खोल्यांत अभ्यासाचे टेबल कायमचे मांडून ठेवायला जागा नाही. रात्री जेवणे झाली की दार पडते, पहाटे अंथरुणे निघायच्या आत वर जाते. दाराच्या मागे दोन फुटांची फळी, तीवर माझी ह्या वर्षीची पुस्तके. घरात पुस्तकांसाठी मुद्दाम केलेली पहिली फळी तीच. वडील शाळेत सातवीपर्यंत गेले. फळीची उंची ठरवताना त्यांनी माझ्या हातातला अर्थशास्त्राचा जाडजूड ग्रंथ मागून घेतला, उभा धरला, वर दोन बोटे ठेवली आणि पेन्सिलीने खूण केली. माप घेणे म्हणजे काय हे मला तेव्हा कळले म्हणायला हरकत नाही.

ज्यांच्या घरी मुले एकाच खोलीत निजतात आणि शिकतातही, त्यांनी कपाट करताना असे एक पडते दार जरूर सांगावे. बिजागऱ्या जाड घ्याव्यात आणि साखळ्यांचे स्क्रू प्लायच्या कडेत न घेता पसरट बाजूत घ्यावेत. कडेतला स्क्रू हाताच्या वजनाने निघून येतो. वरती एक दिवा हवा, त्याचे बटण हाताशी. विजेचे काम कपाटाच्या आधी, नंतर नव्हे. कपाटामागे अडकलेला स्विचबोर्ड ही तर आपल्याकडची घरोघरची गोष्ट आहे. माळ्याचे दार पंख्याच्या पात्याला लागत नाही ना, हेही तेव्हाच पाहावे.

शेवटी मापाची रीत. भिंत कधीच सरळ नसते, मग ती कितीही नव्या इमारतीतली असो. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी आणि तीनांतली सर्वांत कमी धरावी. कोपऱ्यात गुण्या लावून पाहावा, भिंतीला ओळंबा सोडावा. फट राहिली तर ती पट्टीने झाकता येते; कपाट मोठे झाले तर भिंत फोडावी लागते. नकाशा झाल्यावर जमिनीवर खडूने कपाटाचा आणि उघड्या दारांचा आकार काढावा आणि घरातल्या सगळ्यांनी दोन दिवस ती रेघ न ओलांडता वावरून पाहावे. ह्याला पैसा लागत नाही. आमच्या वहीतले निम्मे नकाशे ह्या दोन दिवसांत बदललेले आहेत.

काम पूर्ण झाल्यावर लगेच कपडे भरू नयेत. सनमायका चिकटवण्याच्या सोल्यूशनचा आणि नव्या प्लायचा वास डोळ्यांना झोंबतो आणि कपड्यांत बसतो. आठ-दहा दिवस दारे आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात, लहान मुलांना त्या खोलीत निजवू नये. पहिला पावसाळा गेला की दारे थोडी उतरतात, एकमेकांना घासतात. तेव्हा सुताराला बोलावून बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून घ्यावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. बहुतेक सुतार त्याचे पैसे घेत नाहीत, चहा घेतात.